दोन देश, एक देश की तिसरंच काही? इस्रायल–पॅलेस्टाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलायला गेलं की व्याख्यानानंतर चिठ्ठ्या येतात. बऱ्याच चिठ्ठ्यांवर प्रश्न नसतो, निकाल असतो आणि त्याला शेवटी प्रश्नचिन्ह चिकटवलेलं असतं. तेच ते पुन्हा पुन्हा येतं म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

'द्विराष्ट्र तोडगा' म्हणजे जीनांचा द्विराष्ट्र सिद्धांतच ना?

नाही. हा घोळ आपल्या वर्तमानपत्री भाषेनं घातलाय. हिंदू आणि मुसलमान ही दोन वेगळी राष्ट्रं आहेत, असं जीनांचं म्हणणं होतं. इथे धर्मावरून राष्ट्र ठरतं का, हा मुद्दा नाही. पॅलेस्टिनींमध्ये मुसलमान आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. ज्यू आणि पॅलेस्टिनी हे दोन समाज एकाच भूमीवर हक्क सांगतात आणि तिथे दोन सार्वभौम देश करावेत, एवढाच तो प्रस्ताव. 'दोन राज्यं' म्हणावं तर ऐकणाऱ्याला महाराष्ट्र-कर्नाटक आठवतं. म्हणून मी साधं 'दोन देश' म्हणतो.

दुसरा घोळ 'पश्चिम किनाऱ्या'चा. हे शब्द ऐकून आपल्याला कोकण दिसतं, पण वेस्ट बँकेला समुद्र नाहीच. जॉर्डन नदीचा पश्चिम काठ म्हणून ते नाव पडलं. समुद्र आहे तो गाझाला.

भांडण नेमकं किती जमिनीचं आहे?

वेस्ट बँक म्हणजे जेमतेम दीड गोवा. गाझा पट्टी ३६५ चौरस किलोमीटरची, बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडी मोठी. दोघींच्या मध्ये सुमारे ४० किलोमीटर इस्रायलची जमीन आहे. १९६७ च्या युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा जिंकून घेतले. त्यापूर्वीची इस्रायलची हद्द नेतान्या शहराजवळ इतकी अरुंद होती की समुद्रापासून सरहद्द पंधराएक किलोमीटरवर. ठाण्याहून घाटकोपर गाठेपर्यंत देश संपला असं समजा. इस्रायली माणूस सुरक्षेबद्दल बोलताना डोळ्यांपुढे हे अंतर ठेवून बोलतो.

पॅलेस्टिनी वेगळा आकडा मांडतात. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनचा ७८ टक्के भाग १९४९ च्या शस्त्रसंधी रेषेच्या आत, म्हणजे इस्रायलकडे गेला. उरला २२ टक्के, म्हणजे वेस्ट बँक आणि गाझा. १९८८ मध्ये अल्जीयर्सला पॅलेस्टिनी नेतृत्वानं स्वातंत्र्याची घोषणा केली आणि त्या २२ टक्क्यांवर देश उभारायची वाट धरली. "आमची तडजोड तेव्हाच करून झाली, आता त्या २२ टक्क्यांतही वाटणी कसली मागता?" हा त्यांचा सवाल.

आणि माणसं? नदी आणि समुद्र यांच्या मध्ये आज साधारण सत्तर लाखांहून अधिक ज्यू आणि जवळपास तितकेच पॅलेस्टिनी राहतात. दोघांपैकी कुणीही कुठे जाणार नाही. पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया हाच.

अरबांनी १९४७ ची फाळणी मान्य केली असती तर आज दोन देश नसते का?

कदाचित असते. पण 'मान्य का केली नाही' हे न विचारता हा प्रश्न पुरा होत नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी ठराव १८१ मंजूर केला. बाजूनं ३३, विरोधात १३ आणि १० तटस्थ. तेव्हा ज्यू लोकसंख्या सुमारे एक तृतीयांश होती आणि त्यांच्या वाट्याला जवळजवळ ५५ टक्के जमीन आली होती, त्यात नेगेवचं वाळवंट धरलेलं. ज्यू नेतृत्वानं ठराव स्वीकारला, अरबांनी नाकारला. युद्ध झालं, १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली, आणि लढाई थांबेपर्यंत सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. काही जिवाच्या भीतीनं पळाले, काहींना हाकलून दिलं. त्यांच्या भाषेत याला 'नकबा' म्हणतात, अरिष्ट. पुढच्या काही वर्षांत अरब देशांतून लाखो ज्यूंनाही आपली घरंदारं सोडावी लागली, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

आपल्या दृष्टीनं यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. फाळणीचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारत होता. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी अल्पमताचा अहवाल दिला: फाळणी नको, संघराज्य करा. हा अहवाल आला तो १९४७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यावर. पंजाब जळत असताना. स्वतःची फाळणी नुकतीच भोगलेला देश दुसऱ्याला सांगत होता, 'तुम्ही हे करू नका'. तेव्हा कुणी ऐकलं नाही, पण संघराज्याची ती कल्पना मेली नाही. ती पुढे येईलच.

ऑस्लो करारात पॅलेस्टिनींना देश देण्याचं ठरलं होतं ना?

नव्हतं, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. सप्टेंबर १९९३ मध्ये पत्रांची अदलाबदल झाली. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेनं इस्रायलचा शांततेत जगण्याचा हक्क मान्य केला. इस्रायलनं बदल्यात मान्य केलं ते एवढंच, की ही संघटना पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधी आहे. देशाचा शब्द कुठेच नव्हता. पाच वर्षांची हंगामी व्यवस्था आणि मग सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (वेस्ट बँक आणि गाझात इस्रायलींनी वसवलेली गावं), सुरक्षा यांवर अंतिम बोलणी, असा बेत होता. अवघड तेवढं सगळं शेवटासाठी राखून ठेवलं.

१९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकेचे तीन भाग पाडले. 'अ' भागात, म्हणजे शहरांत, पॅलेस्टिनी कारभार. 'ब' मध्ये मुलकी कारभार त्यांचा, सुरक्षा इस्रायलची. 'क' पूर्ण इस्रायलच्या हाती, आणि हा 'क' भाग सुमारे ६० टक्के. नकाशा पाहिलात तर 'अ' आणि 'ब' चे ठिपके समुद्रात बेटं विखुरावीत तसे दिसतात. पाच वर्षांची ती तात्पुरती व्यवस्था १९९९ मध्ये संपायची होती. ती अजून चालू आहे.

मधल्या काळात दोन्हीकडच्या कडव्यांनी आपापलं काम केलं. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत बारूख गोल्डस्टाइननं नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. हमास या सशस्त्र इस्लामी पॅलेस्टिनी संघटनेनं इस्रायलच्या बसगाड्यांत आत्मघाती स्फोट सुरू केले. ४ नोव्हेंबर १९९५ ला पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा खून झाला, आणि खुनी अरब नव्हता. कराराला विरोध करणारा ज्यू तरुण होता.

इस्रायलनं इतक्यांदा देश देऊ केला आणि दर वेळी पॅलेस्टिनींनीच नाकारला. खरं की नाही?

ही चिठ्ठी प्रत्येक वेळी येते. अर्धं खरं आहे.

जुलै २००० मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडच्या बोलण्यांत एहुद बराक तोवरच्या कुठल्याही इस्रायली पंतप्रधानापेक्षा पुढे गेले. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत यांनी ते घेतलं नाही आणि समोर स्वतःचा सविस्तर प्रस्तावही ठेवला नाही. इथवर आरोप टिकतो. पण तो देकार लेखी नव्हता, आणि जेरुसलेमच्या पवित्र टेकडीवर सार्वभौमत्व कुणाचं, इथे गाडी अडली होती. डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी आपले निकष वाचून दाखवले: वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग आणि वर जमिनीची अदलाबदल, जेरुसलेमच्या अरब वस्त्या पॅलेस्टाइनकडे, ज्यू वस्त्या इस्रायलकडे, निर्वासितांचं पुनर्वसन मुख्यतः नव्या देशात. इस्रायलच्या मंत्रिमंडळानं ते काही हरकती ठेवून स्वीकारले. अराफत 'हो' म्हणाले, पण इतके आक्षेप घेऊन की त्या 'हो'त फारसं काही उरलं नाही. तोवर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला होता. जानेवारी २००१ मध्ये इजिप्तमधल्या ताबा या गावी दोन्ही बाजू बरंच जवळ आल्या, पण क्लिंटन यांची मुदत संपली होती आणि फेब्रुवारीत बराक निवडणूक हरले.

२००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांना नकाशा दाखवला. सहाएक टक्के जमीन इस्रायल ठेवणार, बदल्यात जवळजवळ तेवढीच देणार. जेरुसलेमचा पवित्र भाग पाच देशांच्या देखरेखीखाली. अब्बास यांनी नकाशा मागितला, ओल्मर्ट म्हणाले आधी सही करा. अब्बास यांनी तो आठवणीतून कागदावर उतरवून घेतला म्हणतात. पुढे उत्तर आलंच नाही. मात्र ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकलेले, जाणारे पंतप्रधान होते. घर सोडून निघालेल्या माणसाशी बयाणा कोण करतो?

आता वही उलटी धरा. मार्च २००२ मध्ये बैरुतला सगळ्या अरब लीगनं मिळून प्रस्ताव ठेवला: १९६७ च्या सीमेवर मागे जा, निर्वासितांचा न्याय्य आणि संमत तोडगा काढा, आम्ही सगळे तुमच्याशी नेहमीचे संबंध जोडतो. त्याच दिवसांत नेतान्याच्या हॉटेलात हमासच्या आत्मघाती स्फोटात सणाच्या जेवणाला बसलेली ३० माणसं मेली, आणि इस्रायलच्या फौजा वेस्ट बँकेच्या शहरांत शिरल्या. प्रस्ताव धुरात हरवला. पुढेही तो अनेकदा मांडला गेला, पण इस्रायलच्या कुठल्याही सरकारनं तो वाटाघाटीचा पाया म्हणून घेतला नाही.

नकाराची खाती दोघांच्याही वहीत आहेत. फक्त एकाच बाजूची वही वाचणारा माणूस मला अभ्यासक वाटत नाही, वकील वाटतो.

वसाहतींचं एवढं काय? शेवटी घरंच तर आहेत.

घरांबरोबर रस्ते येतात, रस्त्यांबरोबर चौक्या, चौक्यांबरोबर सैन्य. आणि कायदा. वेस्ट बँकेत एकाच डोंगरावर राहणाऱ्या दोन माणसांपैकी वसाहतीतल्या इस्रायलीला इस्रायलचा मुलकी कायदा लागू आहे. शेजारच्या गावातल्या पॅलेस्टिनीला लष्करी न्यायालय. वसाहतीतला माणूस इस्रायलच्या संसदेसाठी मत देतो. त्याच्या शेजाऱ्याच्या रोजच्या आयुष्याचे बरेच निर्णय तीच संसद आणि तेच लष्कर घेतं, पण त्याला तिथे मत नाही.

आज वेस्ट बँकेत सुमारे पाच लाख आणि पूर्व जेरुसलेममध्ये दोन लाखांहून अधिक इस्रायली राहतात. २००५ मध्ये पंतप्रधान एरियल शेरॉन यांनी गाझातून जेमतेम आठएक हजार वसाहतवासी हलवले, तेव्हा इस्रायल ढवळून निघाला होता. वेस्ट बँकेतले बरेच वसाहतवासी सीमेलगतच्या मोठ्या गटांत आहेत, जमिनीची अदलाबदल केली तर ते जागीच राहू शकतात, असं दोन देशांचे समर्थक सांगतात. ते बरोबरही आहे. अडचण आहे ती आतल्या डोंगरांवर पसरलेल्यांची, आणि 'ई-१' सारख्या जागांची. जेरुसलेमच्या पूर्वेच्या या पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांना ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. तिथे बांधकाम झालं की वेस्ट बँकेचा उत्तर आणि दक्षिण भाग जवळजवळ तुटतो. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्लादाखल मत दिलं, की या प्रदेशांतलं इस्रायलचं अस्तित्वच बेकायदा आहे आणि ते शक्य तितक्या लवकर संपवावं. इस्रायलला ते मान्य नाही.

मग एकच देश करा, सगळ्यांना समान मत द्या. लोकशाही म्हणजे तेच ना?

ऐकायला इतकं सरळ दुसरं काही नाही. पण 'एक देश' म्हणणारे दोन अगदी वेगळे लोक आहेत, हे आधी पाहा.

पहिले म्हणतात, एक माणूस एक मत. ही कल्पना नवी नाही. १९२५ साली जेरुसलेममध्ये 'ब्रित शालोम' नावाचा छोटा ज्यू गट दोन्ही समाजांचा एकच सामाईक देश मागत होता. तत्त्वज्ञ मार्टिन बुबर याच विचाराचे. त्यांना अरबांतून सोबती फार थोडे मिळाले, ज्यूंमधूनही थोडेच. शतकाच्या शेवटी पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद याच निष्कर्षावर आले.

दुसरे म्हणतात, सगळी भूमी आमची. इस्रायलच्या उजव्या पक्षांतले अनेक जण वेस्ट बँक सामील करून घ्यायला निघालेत, तिथल्या पॅलेस्टिनींना मत न देता. हमासच्या १९८८ च्या सनदेतही सगळी भूमी आपलीच होती. २०१७ मध्ये त्यांनी १९६७ च्या सीमांवरचा देश चालेल असं म्हटलं, पण इस्रायलला मान्यता दिली नाही. 'नदीपासून समुद्रापर्यंत' ही घोषणा ऐकली की म्हणून मी विचारतो: पुढे काय? सगळ्यांना हक्क, की कुणाला तरी हद्दपारी?

समान मताच्या देशाला इस्रायली ज्यूंचा मुख्य विरोध असा: जगात एकच जागा आहे जिथे आम्ही बहुसंख्य आहोत, ती का सोडायची? युरोपात साठ लाख माणसं मारली गेल्यानंतर या भीतीला भ्रम म्हणणं मला जमत नाही. उलट पॅलेस्टिनी म्हणतो, तुमचं बहुमत टिकावं म्हणून मी पिढ्यान्‌पिढ्या हक्काविना राहायचं का? याचंही उत्तर कुणाकडे नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट. जे दोन समाज पाण्याच्या वाटणीवर एकमत करू शकत नाहीत, ते एका सैन्यात आणि एका पोलिस दलात कसे राहणार?

तिसरा पर्याय आहे का?

आहे, आणि मला सगळ्यात रस त्यातच वाटतो. दोन देश, पण मध्ये भिंत नाही. २०१२ पासून इस्रायली आणि पॅलेस्टिनी कार्यकर्त्यांचा एक गट हे मांडतोय, आज त्याचं नाव 'सर्वांची भूमी'. सीमा १९६७ च्या. दोन सरकारं, दोन संसदा. जेरुसलेम दोघांची खुली राजधानी. पाणी, पर्यावरण, अर्थकारण यांसाठी सामाईक संस्था. खरी मेख आहे ती नागरिकत्व आणि राहण्याचा हक्क वेगळे करण्यात: वसाहतीतला इस्रायली पॅलेस्टाइनचे कायदे पाळून तिथे राहू शकेल आणि मत इस्रायलमध्ये देईल, निर्वासित पॅलेस्टिनी इस्रायलमध्ये राहू शकेल आणि मत पॅलेस्टाइनमध्ये देईल. संख्या हळूहळू, ठरवून वाढवायची.

यातही खोट आहे. सीमा खुली ठेवायची तर समोरच्यावर भरवसा लागतो, आणि भरवसा असता तर भिंत बांधलीच नसती. शिवाय एक देश श्रीमंत आणि दुसरा उद्ध्वस्त असताना 'सामाईक' संस्थेत कुणाचा शब्द चालणार?

निर्वासितांचं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे नोंदलेले पॅलेस्टिनी आज सुमारे ५९ लाख आहेत, १९४८ मधल्यांची मुलं-नातवंडं धरून. त्यांचा आधार डिसेंबर १९४८ चा ठराव १९४: परतू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावं, नको त्यांना भरपाई द्यावी. सगळे आले तर ज्यू देश उरणार नाही, हे इस्रायलचं उत्तर. आजवरच्या प्रत्येक गंभीर मसुद्यात वाट एकच निघालीय. हक्काची किंवा निदान अन्यायाची कबुली, भरपाई, नव्या देशात पुनर्वसन, आणि इस्रायलमध्ये थोड्यांना प्रवेश. आकड्यावर घासाघीस होऊ शकते. कबुलीवर होत नाही, आणि घोडं तिथेच अडतं.

जॉर्डन हाच पॅलेस्टाइन आहे ना?

नाही. जॉर्डनमध्ये पॅलेस्टिनी वंशाचे लोक मोठ्या संख्येनं आहेत, पण जॉर्डनच्या राजानं जुलै १९८८ मध्ये वेस्ट बँकेवरचा दावा सोडला आणि १९९४ मध्ये इस्रायलशी शांतता करार केला.

इतक्या देशांनी पॅलेस्टाइनला मान्यता दिली, मग तो देश झालाच की?

कागदावर बराचसा झाला. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्याला निरीक्षक देशाचा दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये स्पेन, आयर्लंड, नॉर्वे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल, फ्रान्स यांनी मान्यता दिली. आता असे देश दीडशेहून जास्त आहेत. पण सरहद्द, विमानतळ, चलन, यांतलं काहीही त्या देशाच्या हातात नाही. गाझात हमास आणि वेस्ट बँकेतल्या रमल्लात अब्बास अशी २००७ पासून फाटाफूट आहे. संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ मधली. म्हणजे आज तिशी ओलांडलेल्या कितीतरी पॅलेस्टिनींनी राष्ट्रीय निवडणुकीत एकदाही मत दिलेलं नाही.

तरी मान्यता अगदीच पोकळ नाही. 'आधी करार, मग देश' हा क्रम तिनं उलटा केला. नाही म्हणण्याचा अधिकार एकट्या इस्रायलकडे होता, तो थोडा सैल झाला.

७ ऑक्टोबरनंतर या चर्चेला काही अर्थ उरलाय का?

त्या दिवशी, २०२३ मध्ये, हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे ६० हजारांहून जास्त पॅलेस्टिनी मेले आणि बहुतेक सगळी वस्ती एकदा तरी विस्थापित झाली. एका दुःखाचा दाखला देऊन दुसरं दुःख रद्द करणाऱ्या चिठ्ठ्यांना मी उत्तर देत नाही.

राजकीय परिणाम दोन्हीकडे दिसले. जुलै २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं पॅलेस्टिनी देशाविरुद्ध ठराव केला, ६८ विरुद्ध ९. उलट ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीनंतर नोव्हेंबरात सुरक्षा परिषदेनं जो ठराव २८०३ केला, त्यात आंतरराष्ट्रीय फौज आणि हंगामी कारभार यांबरोबर पॅलेस्टिनी देशाकडे जाणाऱ्या वाटेचाही उल्लेख आहे. इतक्या जर-तरांत गुंडाळलेला, की ऑस्लोची आठवण यावी.

यात भारत कुठे आहे?

दोन्हीकडे, आणि हे बरंच जुनं आहे. १९४७ मध्ये फाळणीविरुद्ध मत. १९५० मध्ये इस्रायलला मान्यता, १९५३ पासून मुंबईत त्यांची वाणिज्य कचेरी, पण पूर्ण राजनैतिक संबंध थेट जानेवारी १९९२ मध्ये. १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. आज आपण इस्रायलकडून शस्त्रं घेतो आणि संयुक्त राष्ट्रांत दोन देशांच्या बाजूनं हात वर करतो. सप्टेंबर २०२५ मध्येही केला. मराठी मुलखातही एकमत कधीच नव्हतं: भारतानं फाळणीविरुद्ध मत दिलं तेव्हा सावरकरांनी त्यावर टीका करून ज्यू देशाचं स्वागत केलं होतं.

आपल्या बेने इस्रायलींना काय वाटतं?

हे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', आडनावाला 'कर' लावणारे. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथेही सुरुवातीला धर्मपीठानं त्यांच्या विवाहांवर शंका घेतली, तेव्हा त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये सरकारकडून ते पूर्ण ज्यू असल्याचं वदवून घेतलं. त्यांचं म्हणून एकच मत नाही, कुठल्याच समाजाचं नसतं.

पण ते कुठे राहतात ते पाहा. अश्दोद, दिमोना, बीरशेबा, आणि लोद, रामला. जुलै १९४८ मध्ये लोद आणि रामला या दोन गावांतून ५० ते ७० हजार अरबांना बाहेर काढलं होतं. आज लोद मिश्र वस्तीचं शहर आहे, मे २०२१ मध्ये तिथेच ज्यू-अरब दंगल उसळली. सणाला मलिदा करणारं, घरात मराठी बोलणारं कुटुंब आणि १९४८ मध्ये मागे राहिलेल्या अरबांचं कुटुंब अशी दोन्ही त्या एकाच शहरात आहेत, दोन्ही इस्रायलची नागरिक, दोन्हींना मत. आणि २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याप्रमाणे राष्ट्रीय आत्मनिर्णयाचा हक्क मात्र फक्त पहिल्याला.

तुमचं स्वतःचं मत काय, ते टाळू नका.

दोन देश, सीमा शक्य तितकी सैल. एक देश मला न्याय्य वाटतो आणि भीतीही वाटते; अनेक धर्मगटांच्या लेबनॉनमध्ये यादवी कशी पेटली ते पाहिलंय. पण देश किती, या आकड्यावर मी आता भांडत नाही. कुठलाही आराखडा समोर आला की तीन गोष्टी विचारतो. रात्री दार वाजवणारा पोलिस कुणाचा? त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? आणि त्या न्यायाधीशाला नेमणाऱ्याला मत कोण देतं?

नकाशावर रमल्ला ते बेथलेहेम मोजा. सरळ वीस-बावीस किलोमीटर. मध्ये जेरुसलेम आहे, आणि परवाना नसलेल्या पॅलेस्टिनीला पूर्वेकडून वाडी नारच्या दरीतला वळणाचा रस्ता घ्यावा लागतो. कुणी शांतता योजना जाहीर केली की मी आधी तो रस्ता शोधतो.